कानात नाडीचे ठोके ऐकू येतायत? मग ‘सवय होईल’वर थांबू नका

आधी एक करा. आवाज चालू असताना दोन बोटं मनगटावर ठेवा आणि नाडी बघा. अखंड शिट्टी किंवा रातकिडे ओरडल्यासारखं वाजत असेल तर ते नेहमीचं टिनिटस, त्याचा रस्ता वेगळा. टकटक होतेय पण नाडीशी मेळ नाही, तर कानातले बारीक स्नायू फडफडत असू शकतात, तेही वेगळं. पण आवाज ठोक्याला ठोका जुळतोय आणि दोन जिने चढून आल्यावर तोही धापा टाकायला लागतो, तर हा पल्सेटाइल टिनिटस. यात बऱ्याचदा कानाजवळून वाहणाऱ्या रक्ताचाच आवाज येत असतो, आणि नीट शोधलं तर पुष्कळांना कारण सापडतं, म्हणून एवढं लिहितेय.

माझा डावा कान. रात्री उशीवर डोकं टेकलं की कुकरची शिट्टी व्हायच्या आधी कशी फुस्स फुस्स होते, तशी प्रत्येक ठोक्याला. पहिल्या डॉक्टरांनी कान बघितला, ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) नॉर्मल आली, टेन्शन घेऊ नका सवय होईल म्हणाले आणि गोळ्या दिल्या, मी त्या चार महिने खाल्ल्या. पण चूक माझीही होती, मी ‘कानात आवाज येतो’ एवढंच सांगितलं, नाडीबरोबर येतो हे बोललेच नाही!

तर तुम्ही पहिलं वाक्यच हे बोला, कुठल्या कानात, नाडीबरोबर, किती महिन्यांपासून. मान वळवली, वाकलं, आडवं पडलं की कमीजास्त होतो का तेही. डोकं दुखतं का, वाकून उठताना डोळ्यापुढे दोन-चार सेकंद अंधारी येते का, वजन वाढलंय का, पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइन किंवा डॉक्सीसायक्लिन चालू आहे का, हे सगळं कागदावर लिहून न्या, कारण केबिनमध्ये गेल्यावर निम्मं विसरतं.

ईएनटीवाले पडदा बघतील, त्यामागे लालसर गाठ दिसते का (ग्लोमस ट्यूमर, म्हणजे रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ, असेल तर दिसू शकते). मग त्यांना स्टेथोस्कोप लावून ऐकायला सांगा, कानामागच्या हाडावर, मानेवर, मिटलेल्या डोळ्यावर, अगदी न लाजता सांगा. मला दुसऱ्या डॉक्टरीण बाईंनी पंखा बंद करायला लावला, श्वास रोखायला सांगितलं आणि कानामागे ऐकत राहिल्या, मग मानेची एक बाजू हलकीच दाबली तर आवाज गप्प! म्हणजे आवाज शिरेचा असण्याची शक्यता जास्त. हा दाबायचा प्रयोग घरी करू नका, आईबाबांवर तर नकोच, तिथेच मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी असते.

बीपी, सीबीसी आणि थायरॉइड हे स्वस्तातलं आधी उरकून घ्या. हिमोग्लोबिन खूप कमी असेल तर रक्त पातळ आणि वेगाने वाहतं, त्याचाही असा आवाज येतो, आणि ते भरून आलं की जातोही.

मग डोळ्यांचे डॉक्टर. कानाचं दुखणं आणि डोळ्यांकडे कशाला, असं घरचे म्हणतील, मलाही म्हणाले. पण डोक्यातलं पाण्याचं प्रेशर वाढलं की डोळ्यामागची नस सुजते आणि ते फंडस तपासणीत (थेंब टाकून डोळ्याचा आतला मागचा भाग बघतात) दिसतं, जास्त करून वजन वाढलेल्या तरुण बायकांत. थेंब टाकल्यावर काही तास अंधुक दिसतं, तेव्हा अ‍ॅक्टिव्हा घेऊन एकट्या जाऊ नका.

स्कॅनमध्ये सगळ्यात जास्त घोळ होतो. साधा एमआरआय ब्रेन नॉर्मल आला म्हणजे विषय संपला असं नाही. सोबत धमन्यांसाठी एमआर अँजिओग्राफी आणि शिरांसाठी व्हेनोग्राफी लागते, कानाच्या हाडासाठी एचआरसीटी टेम्पोरल बोन (बारकाईने काढलेला सीटी स्कॅन), यातलं आधी काय ते डॉक्टर ठरवतील. चिठ्ठीवर ‘डावीकडे, नाडीबरोबर आवाज’ असं लिहून घ्या म्हणजे रेडिओलॉजिस्टला कुठे बघायचं ते कळतं. रिपोर्टबरोबर सीडी मागून घ्या, पुढचे डॉक्टर चित्रंच बघतात. आणि स्टेथोस्कोपने डॉक्टरांनाही आवाज ऐकू आला पण स्कॅन स्वच्छ, तर ड्यूरल फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शीर थेट जोडली जाणं, हे नक्की करायला डीएसए, म्हणजे रक्तवाहिन्यांत डाय सोडून काढलेला एक्स-रे, लागू शकते. मांडीतून किंवा मनगटातून नळी घालतात, थोडा धोका असतो म्हणून ती पहिली तपासणी नाही.

उपचार कारणावर. फिस्टुला असेल तर नळीतून गोंदासारखं द्रव्य सोडून बंद करतात, ग्लोमसला ऑपरेशन किंवा रेडिएशन, कानाच्या हाडाला भोक असेल तर गरजेनुसार शस्त्रक्रिया. माझं कारण डोक्यातलं पाण्याचं प्रेशर निघालं, कमरेत सुई घालून मोजलं तर 31 सेंटिमीटर, 25च्या वर म्हणजे जास्त. डायमॉक्स (ते प्रेशर कमी करायची गोळी) सुरू झालं, बोटांना मुंग्या येतात आणि सोडा प्यायलात तर बेचव लागतो, घाबरू नका, पण किडनी स्टोन झालेला असेल तर आधी सांगा. खरं काम वजनाने केलं, नऊ किलो, रडत रडत. शीर अरुंद असेल आणि गोळ्यांनी भागत नसेल तर काहींना स्टेंट घालतात, मग रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत.

आवाज अचानक सुरू झाला आणि सोबत मान भयंकर दुखतेय, एक पापणी उतरलीय, तोंड वाकडं झालंय, हात लुळा पडलाय किंवा नजर जातेय, तर अपॉइंटमेंट वगैरे सोडा, सरळ इमर्जन्सीत जा.

माझा आवाज सहाव्या महिन्यात कधी थांबला कळलंच नाही. पण आवाज गेला म्हणून डोळ्यांची फील्ड टेस्ट (बाजूचं किती दिसतं ते बघतात) चुकवू नका, प्रेशर परत वाढलं तर आवाज न येताही नजर कमी होऊ शकते. माझी पुढची दिवाळीनंतर आहे, तोवर चकल्या मोजून.