सायप्रिनसच्या दुधाला पाणी लावायचं, पण कधी आणि कोणतं

निफाडचा गारठा ओसरला आणि टाकीतलं पाणी २२-२३ अंशांवर आलं, की माझी सायप्रिनस माशाचं (कॉमन कार्पचं) बीज काढायची लगबग सुरू होते. शेततळ्याच्या कडेला माझी अंडी उबवायची छोटी हॅचरी आहे. या दिवसांत फोन येतातच, "ताई, अंडी चांगली निघाली, पण दुसऱ्या दिवशी सगळी पांढरी पडली, मेली." अशा वेळी मी मादीबद्दल नंतर विचारते. आधी विचारते, नराच्या दुधाला, म्हणजे शुक्राणूंच्या पांढऱ्या द्रवाला, पाणी कधी लागलं आणि कुठलं लागलं?

नराच्या पोटात शुक्राणू पोहत नाहीत, निपचित पडून असतात. त्यांच्या भोवतीचा द्रव साधारण आपल्या सलाइनइतका खारट असतो. सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही त्यात भरपूर. बाहेर गोडं पाणी लागलं की खारटपणा एकदम उतरतो आणि शेपूट चालू होते. ट्राउट माशामध्ये मुख्य कुलूप पोटॅशियमचं असतं, सायप्रिनसमध्ये एकूण खारटपणाचं. एकदा सुरू झालेला शुक्राणू मात्र साध्या पाण्यात मिनिटभरच टिकतो. ताकद संपते, पाणी आत शिरून शेपटीला वेटोळं पडतं. अंड्यात शिरायला एकच बारीक छिद्र असतं आणि पाणी लागल्यावर तेही लवकर मिटतं.

म्हणून दूध पिळून काढण्याआधी नराचं पोट, शेपटीकडचा पर आणि स्वतःचे हात कोरड्या फडक्याने पुसा. पहिले थेंब बाहेर टाकून द्या, त्यात लघवी असते आणि तिच्यानेही शुक्राणू वेळेआधी जागे होतात. नंतरचं घट्ट, सायीसारखं दूध कोरड्या परीक्षानळीत घ्या. लगेच वापरायचं नसेल तर नळी बर्फावर ठेवा, पण वितळलेलं पाणी आत जाऊ देऊ नका. नळी काठोकाठ भरू नका, वर हवा राहू द्या.

सूक्ष्मदर्शक असेल तर ही खात्री कराच. काडीच्या टोकाने दुधाचा कण काचेवर पसरा. काहीच हलत नाही? उत्तम. आता शेजारी पाण्याचा थेंब ठेवून कण त्यात मिसळा. वारूळ फुटल्यासारखी धावपळ दिसते, अर्ध्या मिनिटात ती मंदावते, मिनिटभरात बहुतेक सगळे थांबतात. मी दर हंगामात हे बघते आणि दर वेळी माझा श्वास अडकतो. पाणी लावण्याआधीच हालचाल दिसली, तर ते दूध टाकून द्या.

कोरड्या पातेल्यात अंडी, त्यावर दोन नरांचं दूध, आणि कोंबडीच्या पिसाने हलकेच कालवा. पाणी नंतर. त्यासाठी हंगेरीच्या एलेक वॉयनारोविच यांचं द्रावण मी वापरते: १० लिटर पाण्यात ४० ग्रॅम मीठ आणि ३० ग्रॅम युरिया. त्याचा खारटपणा दुधापेक्षा कमी असल्याने शुक्राणू जागे होतात, पण साध्या पाण्यापेक्षा जास्त असल्याने लवकर फुगत नाहीत आणि जास्त वेळ पोहतात. शिवाय अंड्यांचा चिकटपणाही जातो. सुरुवातीला अंडी जेमतेम भिजतील एवढंच घाला, फुगतील तसं वाढवा, आणि तासभर ढवळत राहा.

आता पाण्याचा सामू (पीएच). ७ ते ८.५ मध्ये शुक्राणू जोमात पोहतात, आम्लाकडे गेलं की मंदावतात. आमच्या विहिरीचं जड पाणी इथे चालतं. आरओचं पाणी स्वच्छ असलं तरी त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि सामूही सहज खाली घसरतो. नळाचं पाणी क्लोरीन उडाल्याशिवाय नको.

द्राक्षवाल्यांनी एक गोष्ट फार जपावी. फवारणीच्या पाण्याचा सामू उतरवायची बादली, ठिबकच्या ॲसिडचा मग, बोर्डोचं (मोरचूद-चुन्याच्या फवारणीचं) पिंप, यातलं काहीही हॅचरीत आणू नका. मोरचुदातलं तांबं शुक्राणूंना मारक आहे. एका वर्षी घाईत मी बोर्डोची बादली विसळून त्यात द्रावण कालवलं. नर तेच, माद्या चांगल्या, हात कोरडे. दुसऱ्या सकाळी टॉर्च मारली तर हापाभर (जाळीच्या पिंजऱ्यात) पांढरी अंडी, साबुदाण्यासारखी, एकातही जीव नाही. तेव्हापासून हॅचरीची भांडी निळ्या रंगाची पट्टी मारून वेगळ्या कपाटात असतात, आणि किल्ली माझ्याकडे.