शाळेतल्या बंदुकीची शिक्षा वाढवणारं विधेयक कसं वाचायचं

अमेरिकेतल्या एखाद्या राज्यात शाळेच्या आवारात बेकायदा बंदूक बाळगण्याची शिक्षा वाढवायचं विधेयक आलं, की बातमीत फक्त वर्षांचा आकडा येतो. तो शेवटी बघा. आधी व्याख्यांचं कलम उघडा.

आवार कुठे संपतं? फेडरल, म्हणजे सगळ्या देशाला लागू असलेल्या कायद्यात शाळेची जागा आणि तिच्या हद्दीपासून १,००० फूट, म्हणजे सुमारे ३०५ मीटर. टेक्सासचं शिक्षा वाढवणारं कलम ३०० फुटांवर थांबतं. मोजायचं इमारतीपासून नाही, हद्दीपासून. नकाशावर शहरातल्या सगळ्या शाळांभोवती १,००० फूट आखून पाहा. दाट वस्तीत मोकळी जागा फारशी उरत नाही.

मग हेतू. आपण शाळेच्या क्षेत्रात आहोत हे आरोपीला ठाऊक होतं, किंवा तसं वाटायला वाजवी कारण होतं, हे फेडरल खटल्यात सिद्ध करावं लागतं. मसुद्यात ही अट नसेल तर नुसता रस्त्यावरून जाणाराही अडकू शकतो.

अपवाद सावकाश वाचा. गोळ्या काढून कुलूपबंद पेटीत ठेवलेली बंदूक, क्षेत्रातलं खाजगी घर, ड्यूटीवरचे पोलिस, शाळेने मान्य केलेला उपक्रम हे फेडरल कायद्यात सुटतात. परवान्यापाशी लोक हमखास चुकतात: सूट मिळायला शाळा ज्या राज्यात आहे त्याच राज्याने दिलेला परवाना लागतो, शेजारच्या राज्याचा नाही.

आता आकडा. तो कमाल आहे की सक्तीची किमान? टेक्सासात शाळेत बंदूक नेल्यास २ ते १० वर्षं. नुसती कमाल वाढवली तरी न्यायाधीश खालचीच शिक्षा देऊ शकतात. फेडरल कमाल ५ वर्षंच, पण ती दुसऱ्या शिक्षेसोबत एकत्र भोगता येत नाही. तुरुंगातला खरा काळ अशा एका ओळीने वाढतो, आणि बातमीत नेमकी तीच नसते.

विधेयक फेडरल असेल तर बंदुकीला आंतरराज्य व्यापाराशी जोडणारं वाक्य शोधा. ते नव्हतं म्हणून शाळेच्या क्षेत्रातल्या बंदुकीविरुद्धचा १९९० चा फेडरल कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द केला. १९९६ मध्ये ते घालून तो पुन्हा आणला. राज्याच्या विधेयकाला त्याची गरज नाही.

विद्यार्थ्याला शाळेतून काढणं हा वेगळा मार्ग आहे. १९९४ च्या फेडरल कायद्यानुसार निधी घेणाऱ्या राज्यांत किमान एक वर्षाची हकालपट्टी ठरलेली आहे; शाळा जिल्ह्याचा (एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा) प्रमुख प्रकरण पाहून, लेखी, ती बदलू शकतो.