घरची शाळा सुरू करण्याआधी: लहान मुलांचा दिवस लावायची तयारी

मुलांना घरीच शिकवायचं ठरलं की पहिला हात जातो वेळापत्रकाकडे. मोठा चार्टपेपर, रंगीत स्केचपेन, आठ ते नऊ मराठी, नऊ ते दहा गणित. तो चार्टपेपर अजून आणू नका. आधी आठवडाभर स्वयंपाकघरात एक साधी वही ठेवा आणि घर सध्या कसं चालतं तेवढंच तिच्यात टिपा. मुलं आपसूक कधी उठतात, कधी किरकिर करायला लागतात, कोणत्या वेळी एकाच खेळात रमून जातात, स्वयंपाक कधी उरकतो, नळाला पाणी कोणत्या दिवशी आणि किती वाजता येतं, घरात कुणाची रात्रपाळी असते का. रात्रपाळीहून आलेला माणूस सकाळी झोपलेला असेल, तर त्या वेळी पाढे मोठ्यानं म्हणता येणार नाहीत. हे वहीतच लक्षात आलेलं बरं.

आठवडा संपला की त्या नोंदींतून तीन गोष्टी निवडा. आजारपण असो, पाहुणे असोत, सण असो, तरी त्या घरात रोज घडतातच अशा. आमच्या घरी त्या आहेत सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण आणि तिन्हीसांजेची दिवाबत्ती. या तीन खुंट्या. बाकीचा दिवस त्यांनाच अडकवायचा. नाश्त्यानंतर पाटी-वही, जेवणानंतर गोष्ट, दिवाबत्तीनंतर पाढे आणि कविता. पाच-सहा वर्षांच्या मुलाला घड्याळातले साडेनऊ कळत नाहीत, पण नाश्त्यानंतर काय येतं ते पंधरवड्यात पाठ होतं. एखाद्या दिवशी नाश्ता साडेआठला झाला, एखाद्या दिवशी साडेनऊला, तरी पुढचा क्रम तोच राहतो. मग मुलाला दिवस मोडल्यासारखा वाटत नाही आणि आपल्यालाही ‘आज उशीर झाला, आता राहू दे’ असं म्हणायची वेळ येत नाही. माझ्या मते घरच्या शाळेचं सातत्य टिकतं ते या क्रमावर. मिनिटांच्या हिशेबावर ते टिकत नाही, कारण आपलं घर मिनिटांवर चालतच नाही.

त्यातही सोलापूरचं घर. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि पाण्याच्या दिवशी सगळं घर पाण्यामागे लागतं. हौद, पिंप, कळशा, कपडे, सगळं त्या तासा-दोन तासांत. म्हणून पाण्याचा दिवस आधीच वेगळा काढून ठेवा. त्या दिवशी बैठकीचा अभ्यास नाही. मुलं आपल्याबरोबर पाण्यापाशी. एक लिटरची बाटली आणि एक बादली द्या आणि बादली भरायला किती बाटल्या लागतात ते मोजू द्या. मोठ्या मुलाला पिंपाचा अंदाज करायला सांगा, मग मोजून ताळा घ्या. भीमेवरच्या उजनी धरणातलं पाणी आपल्या गल्लीतल्या नळापर्यंत कसं येतं, हे त्याच दिवशी सांगावं, कारण प्रश्नही त्याच दिवशी येतात. हा दिवस बुडालेला धरू नका. वहीत त्याची नोंद इतर दिवसांसारखीच करा.

आता किती वेळ बसवायचं? या प्रश्नावर घरोघरी सगळ्यात जास्त घाबरगुंडी उडते, म्हणून जरा थांबून बोलते. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीच्या शाळांसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं सांगितलं आहे, म्हणजे दिवसाला चार तास. पण ते चार तास तीस-तीस मुलांच्या वर्गासाठी आहेत. हजेरी, वह्या तपासणं, मागच्या बाकावरच्याला पुन्हा समजावणं, हे सगळं त्यात आलं. घरी एका-दोन मुलांना शेजारी घेऊन बसलं की तेवढा वेळ लागत नाही. पाच वर्षांच्या मुलासाठी एका वेळी दहा ते पंधरा मिनिटं, आणि सगळं मिळून दिवसाचा पाऊण तास मला पुरेसा वाटतो. आठ वर्षांच्या मुलासाठी एका वेळी वीस-पंचवीस मिनिटं आणि सगळे मिळून दीड ते दोन तास. मूल रंगात आलं असेल तर पुढे जाऊ द्या, पण कंटाळलेल्या मुलाला ‘अजून वेळ संपलेली नाही’ म्हणून दाबून बसवू नका. उद्याच्या बैठकीचा उत्साह त्यात जातो.

जागा एकच ठरवा. वेगळी खोली लागत नाही. आपल्या घरात एखादी जुनी सोलापुरी चादर असतेच. ती अंथरली की शाळा सुरू, घडी केली की शाळा संपली. अंथरायचं काम धाकट्याचं, घडी घालायचं थोरल्याचं. चादरीवरच्या नक्षीचे मोर, फुलं, चौकटी मोजायलाही कामी येतात आणि आकृत्यांच्या पहिल्या धड्यालाही. शेजारी मुलांचा हात पोचेल इतक्या उंचीवर एक फळी हवी. तिच्यावर पाटी, पेन्सिली, खडू, एका डब्यात चिंचोके, एका डब्यात मणी आणि दोरा, बालभारतीची पुस्तकं आणि चार-पाच गोष्टींची पुस्तकं. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मोफत मिळतात, पण लहान मुलांसाठी छापील प्रत घ्या, तिची किंमत फार नसते. फळीवर एवढंच ठेवा. सगळं सामान एकदम मांडलं की मुलं सामानच उपसत बसतात. महिन्या-दीड महिन्यानं पुस्तकं बदला.

रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं उद्यासाठी काढा. उद्या कोणतं पान, कोणती गोष्ट, चिंचोके लागणार की मणी, ते काढून एका ताटात ठेवा. सकाळी गॅसवर तवा असताना पेन्सिलीला टोक करायला कुणालाच जमत नाही. सगळ्या तयारीत मला ही दहा मिनिटं सर्वांत मोलाची वाटतात.

घरातली कामं अभ्यासाच्या आड येतात असं मानायचं नाही. शेंगा सोलणं हे पेन्सिल धरण्याआधीचं फार चांगलं काम आहे, बोटांत जोर येतो. शेंगाचटणीसाठी वाटीभर दाणे लागणार असतील तर किती शेंगा सोलाव्या लागतील, हा सहा-सात वर्षांच्या मुलाला पुरून उरणारा प्रश्न आहे. ज्वारीच्या पिठाचा गोळा घेऊन छोटी भाकरी थापायला बसवा. वेडीवाकडी झाली तरी तव्यावर टाका आणि त्याच्याच ताटात वाढा.

आपल्या शहरातल्या घरांबद्दल एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. इथे आजी कन्नड बोलते, शेजारच्या काकू तेलुगू, आणि मुलं गल्लीत मराठी-हिंदी. घरी शिकवायला लागल्यावर ‘आता घरात फक्त मराठीच बोला’ किंवा ‘फक्त इंग्रजीच’ असा हुकूम सुटतो आणि आजी गप्प होते. तसं करू नका. प्रत्येक भाषेला दिवसात तिची जागा द्या. दुपारच्या जेवणानंतरची गोष्ट आजीची आणि तिच्याच भाषेत. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत मोजणी घरच्या भाषेत आणि वाचन मराठीत, असंही सहज चालेल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंही शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. आजीला मात्र आधी नीट सांगा, ‘आई, दुपारची गोष्ट रोज तुमच्याकडे,’ आणि ती वेळ दुसऱ्या कामाला देऊ नका. तिच्यावर खरंच काही सोपवलं आहे हे तिला कळलं की ती एक दिवसही चुकवत नाही.

घरातल्या इतर मोठ्यांशीही सुरू करण्याआधीच बोलून घ्या. नाश्त्यानंतरच्या बैठकीत कुणी टीव्ही लावायचा नाही, कुणी मुलांना दुकानात पिटाळायचं नाही, आणि आपण स्वतः फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. मुलांच्या बाबांकडे एक ठराविक काम हवं. मोठ्यानं वाचून दाखवणं हे सर्वांत चांगलं, कारण त्याला तयारी लागत नाही आणि मुलांना बाबा हवे असतात. नातेवाईक विचारणारच, ‘शाळेत कधी घालताय?’ उत्तर आधीच ठरवून ठेवा, छोटं आणि सौम्य, आणि मुलांसमोर वाद घालू नका.

उन्हाळ्याचा बेत वेगळा लिहा. मार्चपासून ऊन चढायला लागतं, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, आपल्या शाळाही सकाळच्या होतात. क्रम तोच ठेवायचा, फक्त सगळा दिवस अलीकडे ओढायचा. पाटी-वही नऊच्या आत संपली पाहिजे. दुपार पडदे ओढून झोपेची, गोष्टीची, मातीकामाची. बाहेर पडायचं ते पाचनंतर. हिवाळ्यात उलट, सकाळचं कोवळं ऊन वाया घालवू नका, अर्धी बैठक गच्चीवर होऊ द्या.

झोपेबद्दल थोडक्यात. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला, दुपारची झोप धरून, दहा ते तेरा तास झोप लागते आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा. सकाळी साडेसहाला उठायचं असेल तर धाकटं मूल साडेआठ-नऊला झोपलंच पाहिजे. आपल्याकडे जेवणंच साडेनऊला होतात. मुलांचं जेवण आधी उरकायचा निर्णय घेतल्याशिवाय सकाळची कोणतीही आखणी टिकणार नाही. मोबाइलचंही तसंच. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला आहे, कमी असेल तर उत्तमच. त्याची जागा संध्याकाळी ठरवा, आणि अभ्यासाचं बक्षीस म्हणून तो देऊ नका.

आठवड्यातली एक सकाळ बाहेरची ठेवा. भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलाव, कंबर तलावावरचे पक्षी, मंडईतला बाजारहाट. मोठा बेत आखायची सवय असेल तर एखाद्या थंडीत नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जाऊन या. माळढोक दिसणं आता फार दुर्मिळ आहे, पण माळरानावरची काळविटं मुलं विसरत नाहीत. संध्याकाळी गल्लीतल्या, मैदानातल्या मुलांबरोबर रोज खेळ हवाच. भांडणं मिटवणं मूल तिथेच शिकतं, आपल्याजवळ बसून नाही.

मग येतात वाकडे दिवस. ताप, पाहुणे, लग्नघर, वीज नसलेली दुपार. त्यांच्यासाठी आतापासूनच एक तोकडा दिवस ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा: एक गोष्ट, एक पाढा, थोडं फिरणं. एवढं झालं की त्या दिवशीची शाळा पूर्ण झाली. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस तर सरळ यात्रेला द्या. सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरची गर्दी आणि पाळणे, यात मोजायला, काढायला, सांगायला इतकं असतं की वेगळा धडा लागत नाही. घरी आल्यावर धाकट्यानं चित्र काढावं, थोरल्यानं चार ओळी लिहाव्यात.

कागदपत्रं एका फाइलमध्ये ठेवा: जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, आणि दर महिन्याला मुलाच्या कामाचे दोन-तीन नमुने तारीख घालून. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना लागू होतो. त्यात घरच्या शाळेची वेगळी सोय लिहिलेली नाही आणि मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे, तेव्हा हा निर्णय जबाबदारीनं, नोंदी ठेवून घ्या. पुढे शाळेत घालावंसं वाटलं तर याच कायद्यानं मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. परीक्षेसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे (एनआयओएस) तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष टप्पे आहेत, आणि त्यांच्या दहावीला किमान चौदा वर्षं पूर्ण लागतात.

सुरुवात करताना सगळं एकदम अंगावर घेऊ नका. पहिल्या आठवड्यात फक्त नाश्त्यानंतरची चादर आणि एक गोष्ट. ती बसली की दुपारची आजीची गोष्ट जोडा, मग दिवाबत्तीचे पाढे, आणि बाहेरची सकाळ सगळ्यांत शेवटी. दोन आठवडे सलग एखादी गोष्ट रडारडीशिवाय होत नसेल, तर ती दिवसातल्या दुसऱ्या वेळेला हलवून बघा, मुलाला बोलण्याआधी. वर्षातून चारदा वही काढून बसा: जूनमध्ये, दिवाळीनंतर, संक्रांतीनंतर आणि ऊन चढायच्या आधी. तोवर मुलं मोठी झालेली असतात, खुंट्या त्याच राहतात आणि त्यांना काय अडकवायचं ते बदलावं लागतं. चार्टपेपर आणायचाच असेल तर पहिल्या फेरविचारानंतर आणा, आणि त्यावरची चित्रं मुलांना काढू द्या.