हिम, बर्फकण आणि गोठणारा पाऊस: मिश्र वादळाची तयारी

हिम, बर्फकण आणि गोठणारा पाऊस एकाच वादळात येणार असल्याचा अंदाज जाहीर झाला, की बहुतेकांची नजर हिमाच्या सेंटिमीटरांवर जाते. परंतु अंदाजात सर्वप्रथम पाहावे ते गोठणारा पाऊस किती तास टिकणार आहे हे.

ढगातून निघालेले हिम वाटेतील उबदार थरात वितळते. त्याखालचा थंड थर जाड असेल, तर थेंब हवेतच गोठून टणक बर्फकण होतात (गारा मात्र वेगळ्या, त्या गडगडाटी ढगांत तयार होतात). तो थर पातळ असेल, तर थेंब शून्याखाली जाऊनही द्रवच राहतात आणि रस्ता, तार किंवा फांदी यांना स्पर्श होताच गोठतात. म्हणून खिडकीतून साधा पाऊस दिसला, तरी जमिनीलगतचे तापमान पाहिल्याशिवाय घराबाहेर पडू नये.

पायऱ्यांवर मीठ पाऊस सुरू होण्यापूर्वीच टाकावे. उणे ९ अंश सेल्सिअसच्या खाली मिठाचा फारसा उपयोग होत नाही. तेव्हा कॅल्शियम क्लोराइड वापरावे किंवा वाळू पसरावी. वाळूने बर्फ वितळत नाही, पण पाय घसरत नाही. गाडी झाडाखाली ठेवू नये. प्रवास टाळणेच उत्तम. निघावेच लागले, तर पुलांवर विशेष सावध राहावे, कारण त्यांच्या वर आणि खाली दोन्हीकडे थंड हवा असल्याने ते सर्वांत आधी गोठतात. गाडी घसरू लागल्यास जोरात ब्रेक दाबण्याचा मोह आवरावा आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढून, जिकडे जायचे तिकडे स्टिअरिंग हळुवार वळवावे.

खरी परीक्षा विजेची असते. जानेवारी १९९८ मध्ये पूर्व कॅनडात बर्फाच्या भाराने वीजवाहिन्यांचे मनोरेच कोसळले आणि लक्षावधी लोक अंधारात राहिले. वीज गेल्यावर बंद ठेवलेला फ्रिज सुमारे ४ तास आणि भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास थंड राहतो, म्हणून दार वारंवार उघडू नये. जनरेटर किंवा कोळशाची शेगडी घरात किंवा गॅरेजमध्ये, दार उघडे ठेवूनसुद्धा, पेटवू नये. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

वादळ ओसरल्यावर बर्फाने वाकलेल्या फांद्या हलवून मोकळ्या करू नयेत, कारण त्या अचानक तुटतात, आणि खाली पडलेली प्रत्येक तार जिवंत आहे असे समजूनच दूर राहावे.