ड्राइव्हवेवरचा बर्फ काढण्यासाठी गाडी निवडताना

अमेरिकेत ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला वसलेल्या बफेलो शहरात आणि त्याच्या दक्षिणेकडील उपनगरांत हिवाळ्याचा अंदाज सरासरीवरून बांधता येत नाही. सरोवर गोठण्यापूर्वी त्याच्या उबदार पाण्यावरून थंड वारा वाहू लागला की तो बाष्प उचलतो आणि किनाऱ्यावर येताच अरुंद पट्ट्यात त्याचा बर्फ करून टाकतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये या पट्ट्याने ऑर्चर्ड पार्क आणि हॅम्बर्ग येथे सुमारे ८० इंच बर्फ टाकला, तर काही मैलांवरच्या वस्त्यांना त्यातला फार थोडा वाटा मिळाला. अशा ठिकाणी घर घेतलेल्या माणसाच्या मनात दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत स्वतःची बर्फ काढणारी गाडी घेण्याचा विचार येतोच, आणि बहुतेकांची नजर आधी इंजिनाच्या ताकदीकडे जाते. माझ्या मते ती सर्वांत शेवटी पाहण्याची गोष्ट आहे. आधी ड्राइव्हवे (रस्त्यापासून गॅरेजपर्यंतची घरची वाट) मोजावा, मग गाडीच्या पुढच्या चाकांना जोडणारा आडवा दांडा म्हणजेच पुढचा अ‍ॅक्सल पाहावा आणि त्यानंतर ती किती जागेत वळते ते पाहावे.

गाडीच्या पुढे लावलेल्या, बर्फ ढकलणाऱ्या पात्याला इंग्रजीत ‘स्नोप्लो’ म्हणतात. ‘प्लो’ म्हणजे नांगर, असे शब्दकोश सांगत असला तरी या कामाचे खरे साम्य शेत सपाट करणाऱ्या केणीशी आहे. माती उकरायची नसते, ती ओढून किंवा ढकलून दुसरीकडे न्यायची असते. म्हणून किती वजन हलवायचे आणि ते कोठे टाकायचे हे दोन प्रश्न आधी सोडवावे लागतात. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतील असा १८ फूट रुंद आणि ५० फूट लांब ड्राइव्हवे घेतला, तर त्यावर ८ इंच बर्फ पडल्यास सुमारे १७ घनमीटर माल साचतो. तो कोरडा आणि भुसभुशीत असेल तर त्याचे वजन दीड-पावणेदोन टन भरते; ओला असेल तर तेच पाच टनांपर्यंत जाते. याशिवाय नगरपालिकेचा ट्रक रस्ता साफ करताना ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो बांध घालून जातो, त्यातला बर्फ दाबलेला आणि मीठमिश्रित असल्यामुळे सर्वांत जड असतो. गाडीची खरी परीक्षा त्या बांधापाशीच होते.

एकच ड्राइव्हवे साफ करायचा असेल, आणि तो वर दिलेल्या मापाचा असेल, तर पिकअप ट्रक घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मागून चालत ढकलायचे, बर्फ उचलून दूर फेकणारे चांगले स्नोब्लोअर यंत्र तेवढ्यासाठी पुरते. ड्राइव्हवे शंभर-दीडशे फूट लांब असेल तर चारही चाकांना ताकद देणाऱ्या एटीव्हीला (कच्च्या वाटेवरून चालणाऱ्या लहान, उघड्या गाडीला) पाच फुटी पाते लावून काम भागते. मात्र एटीव्हीचे पाते बहुधा विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, नुसते उचलले जाते, खाली दाबले जात नाही, त्यामुळे घट्ट झालेल्या थरावरून ते घसरत जाते, आणि उणे १५ अंशांत उघड्यावर बसून काम करण्याची तयारीही हवी. त्यापेक्षा २०-२५ अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर अधिक उपयोगी, कारण उन्हाळ्यात तोच गवत कापतो आणि माती वाहतो. डिझेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होते, म्हणून हिवाळी डिझेल आणि इंजिन गरम ठेवणारा हीटर यांची सोय आधीच करावी.

शेजाऱ्यांचे आठ-दहा ड्राइव्हवे पैसे घेऊन साफ करायचे असतील, तर रस्त्यावरून कायदेशीरपणे आणि उबेत जाता येईल अशी गाडी लागते, आणि तेथे पिकअपचा विचार योग्य ठरतो. आपल्याकडे गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, ‘मायलेज किती?’ येथे पहिला प्रश्न असावा, पुढचा अ‍ॅक्सल किती वजन पेलतो? हा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिकटपट्टीवर छापलेला असतो. साडेसात फुटी पोलादी पात्याचे वजन चौकटीसह ३०० ते ३५० किलो भरते, आणि ते अ‍ॅक्सलच्या वर नसून त्याच्याही पुढे सुमारे चार फुटांवर लोंबकळत असते. तरफेच्या नियमाने ३५० किलोचे पाते पुढच्या अ‍ॅक्सलवर साधारण ४५० किलोंचा भार टाकते आणि वरचे १०० किलो मागच्या चाकांवरून उचलून घेते. परिणामी पुढच्या स्प्रिंगा बसतात, मागची चाके घसरतात, आणि गाडीत दोन माणसे बसली की छापलेली मर्यादा ओलांडली जाते. म्हणून फोर्ड एफ-१५० सारख्या हलक्या वर्गातील गाडीला उत्पादकाने मान्य केलेले हलके पातेच लावावे. जड पात्यासाठी एफ-२५०, रॅम २५०० किंवा सिल्व्हराडो २५०० या वर्गापासून सुरुवात करावी. नवी गाडी घेताना स्नोप्लोसाठीचे पॅकेज मागावे, कारण त्यात पुढच्या कणखर स्प्रिंगा मिळतात आणि पाते उचलणाऱ्या विजेच्या पंपाला पुरेल असा मोठा अल्टरनेटर (इंजिनावर चालणारे वीजनिर्मितीचे यंत्र) बहुधा त्यातूनच मिळतो. मागच्या हौद्यात अगदी शेवटच्या फळीपाशी वाळूच्या पिशव्या बांधाव्यात. त्या सैल ठेवल्या तर अचानक ब्रेक लागताच पुढे येऊन केबिनवर आदळतात.

वळण्याच्या बाबतीत मी स्वतः चूक केली आहे. कुटुंबालाही सोयीची व्हावी म्हणून मी चार दारांची, लांब हौद्याची गाडी घेतली. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर १४ फुटांहून अधिक होते, आणि आमच्या गल्लीत ती एका दमात कधीच वळली नाही. घरगुती ड्राइव्हवेचे निम्मे काम उलट्या दिशेने होते: गॅरेजच्या दाराशी जाऊन पाते टेकवायचे, मागे येत बर्फ ओढायचा, मग रस्त्याच्या बाजूने वळून तो ढकलायचा. एका घरासाठी सहा-आठ वेळा गिअर बदलावा लागतो. त्यामुळे दोन दारांची, आखूड हौद्याची, ऑटोमॅटिक गिअरची आणि मागचे स्पष्ट दिसणारी गाडी निवडावी. दोन दारांच्या जीप रँग्लरमध्ये हे अंतर आठ फुटांच्या आसपास असते, म्हणून अरुंद जागेत ती मोठ्या पिकअपपेक्षा सरस ठरते; तिचा पुढचा अ‍ॅक्सल मात्र जड पाते पेलत नाही.

पात्याची रुंदी ठरवताना ते तिरके केल्यावर किती झाकते ते पाहावे. साडेसात फुटी पाते ३० अंशांत वळवले की साडेसहा फूटच साफ होतात, आणि मोठ्या पिकअपची चाके जेमतेम तेवढ्यात बसतात. ड्राइव्हवे खडीचा असेल तर पात्याला जमिनीपासून किंचित वर धरणारी टेकणी त्याखाली लावावी, नाही तर वसंतात हिरवळीवरची खडी वेचत बसावे लागते. फरशीचा असेल तर रबराची किंवा पॉलियुरेथेनची कड घ्यावी.

बर्फ ढकलायला जागाच नसेल तर पाते निरुपयोगी असते. कॅनडातील ओटावा आणि माँट्रियल येथील दाट वस्त्यांत कंत्राटदार ट्रॅक्टरच्या मागे उलट्या तोंडाचा स्नोब्लोअर लावतात तो यासाठीच. ट्रॅक्टर मागे मागे गॅरेजपर्यंत जातो, ब्लोअर दारापाशी खाली टेकवतो आणि पुढे येताना सगळा बर्फ बाजूच्या हिरवळीवर फेकतो. एक-दोन मिनिटांत ड्राइव्हवे मोकळा होतो, पण इतका मोठा ट्रॅक्टर एकाच गल्लीत लागून असलेली पुष्कळ गिऱ्हाइके असल्याखेरीज परवडत नाही.

जुनी गाडी घेत असाल तर रंगापेक्षा तिच्या खाली किती गंज आहे ते पाहा. रस्त्यावरचे मीठ चासीच्या पोकळीत साठते आणि आतून पोखरते. हातोडीने ठोकल्यावर बद्द आवाज आला किंवा खपल्या पडल्या तर तो सौदा सोडावा. गिअरबॉक्सच्या तेलाला जळका वास येणे हे पाते लावून वर्षानुवर्षे राबवल्याचे लक्षण असू शकते. चाकांचे बॉल जॉइंट (चाक वळू देणारे गोल सांधे) गाडी उचलून हलवून पाहावेत. विक्रेत्याने पाते आधीच काढून ठेवले असले तरी पुढच्या बंपरमागची कंस-चौकट आणि तारा सहसा राहून जातात, त्यावरून इतिहास कळतो.

पैसे घेऊन दुसऱ्याचा ड्राइव्हवे साफ करायचा असेल तर नेहमीचा खासगी विमा बहुधा लागू होत नाही, व्यावसायिक विमा घ्यावा लागतो. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात परवानगीशिवाय रस्त्यावर बर्फ टाकणे कायद्याने मना आहे. पाते उंच उचलून हमरस्त्याने वेगात गेल्यास रेडिएटरपर्यंत वारा पोहोचत नाही आणि इंजिन तापते, तेव्हा घरे एकमेकांपासून दूर असतील तर हाही विचार करावा.

व्यवहार पक्का करण्यापूर्वी, शक्यतो ऑक्टोबरातच, गाडी आपल्या ड्राइव्हवेवर आणून एकदा कोरडी फेरी मारून पाहावी. जमीन गोठण्याआधी दोन्ही कडांना उंच काठ्या रोवाव्यात, पाते लावून गॅरेजपर्यंत जावे, मागे यावे आणि रस्त्यावर वळावे. पाते जमिनीपासून पुरेसे उचलले जाते का, उतारावर त्याची कड घासते का, आणि पाते वर असताना हेडलाइटांचा उजेड अडतो का, हे त्या दहा मिनिटांत समजते. ही फेरी पहाटे चारच्या अंधारात मारली तर फारच उत्तम, कारण प्रत्यक्ष काम त्याच वेळी करायचे असते.