स्वसंरक्षण करताना या चुका टाळा, नाहीतर फिर्यादीचे आरोपी व्हाल

‘आधी त्यानेच हात उचलला’ एवढ्या एका वाक्यावर आपण सुटू, असे अनेकांना वाटते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ (जुन्या भारतीय दंड विधानाची ९६ ते १०६) स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण धोका आहे तोवरच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे शेवटचा फटका. समोरच्याच्या हातातला कोयता पडला, तो पाठ फिरवून पळाला, तरी बचाव करणाऱ्याचा राग उतरत नाही आणि तो मागे धावतो. तिथून पुढचा प्रत्येक घाव गुन्हा ठरतो. जयदेव खटल्यात (१९६३) जमिनीच्या वादात, पळणाऱ्या लोकांवर गोळ्या झाडणाऱ्यांचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. प्रामाणिकपणे बचाव करताना मर्यादा ओलांडली गेली, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरला जाऊ शकतो. पण त्यालाही जन्मठेप होऊ शकते.

मालमत्तेच्या बाबतीतही असाच घोळ होतो. भरदुपारी अंगणातली सायकल नेणाऱ्याला अडवा, धरून ठेवा. जीव घेता येत नाही. जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदयातली घरफोडी किंवा राहत्या घराला आग लावणे, अशा मोजक्याच प्रसंगी हा हक्क मृत्यू घडवण्यापर्यंत जातो, तोही गरजेपुरता.

कुंपणात करंट सोडणे हा तर आपल्याकडचा जुना रोग. रानडुकरांसाठी लावला, हे खरेही असेल. पण तारेला कळत नाही की डुक्कर आले की शेजारची बाई. १९६४ च्या चेरुबिन ग्रेगरी खटल्यात शेजाऱ्यांनी आपला संडास वापरू नये म्हणून एकाने उघडी वीजवाहक तार लावली होती, तिने एका स्त्रीचा बळी घेतला. स्वसंरक्षणाचा मुद्दा टिकला नाही, शिक्षा झाली.

बांधाच्या वादात माणसे गोळा करून, काठ्या घेऊन जायला वेळ होता, तर पोलीस ठाण्यात जायलाही होता. कोर्ट नेमके हेच विचारते.

उलट टोकाची चूकही नको. पहिला वार झेलेपर्यंत थांबा, असे कायदा सांगत नाही. डोक्यावर लाठी येताच भाला चालवणाऱ्या देव नारायणला सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले, कारण लाठीनेही कवटी फुटते. त्या क्षणीचे बळ सोनाराच्या काट्यावर तोलता येत नाही, हेही न्यायालये मान्य करतात.

घटनेनंतर गायब होऊ नका आणि ‘मी तिथे नव्हतोच’ तर अजिबात म्हणू नका. स्वसंरक्षण सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. तो संशयापलीकडे पेलायचा नसून आपली बाजू शक्यतेच्या पारड्यात जड ठरली तरी पुरते. त्यासाठी स्वतःची जखम लपवू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात मेडिकल करून घ्या, आपली तक्रार नोंदवा आणि पोच घ्या. रक्ताचा शर्ट धुऊ नका.