ग्राहकाच्या खात्यात शिरायचंय? पासवर्ड मागू नका

“तुमचा पासवर्ड जरा पाठवता का?” हे वाक्य सपोर्टच्या चॅटमध्ये मी स्वतः टाइप केलंय. ग्राहकानं बिचाऱ्यानं पाठवलाही, आणि तो कितीतरी दिवस त्या चॅटमध्ये सगळ्या टीमला दिसेल असा पडून होता. मग मुकाट्यानं ‘या युजर म्हणून पाहा’ हे बटण बनवायला घेतलं, म्हणजे सपोर्टच्या माणसाला पासवर्ड न मागता ग्राहकाच्या खात्यात शिरता येईल.

सेशनमध्ये (लॉगिन केलेला माणूस कोण हे सर्व्हर जिथे लक्षात ठेवतो तिथे) एकाऐवजी दोन आयडी ठेवायचे: खरा माणूस कोण आणि सध्या वावरतोय कुणाच्या नावानं. नुसता युजर आयडी बदललात तर लॉगमध्ये, म्हणजे कुणी काय केलं याच्या नोंदींत, सगळं ग्राहकानंच केल्यासारखं दिसतं. खातं बदलताना आणि परत येताना सेशन आयडी नवा घ्या. बटण पोस्ट रिक्वेस्टचंच हवं (साध्या लिंकचं नको), सीएसआरएफ टोकनसकट, म्हणजे दुसऱ्या साइटवरून कुणी ते गुपचूप दाबू शकणार नाही. सिम्फनी या वेब फ्रेमवर्कमध्ये दुसऱ्याच्या नावानं शिरायची सोय आयतीच आहे. लारावेल, जँगो, रेल्स या फ्रेमवर्कसाठी तयार पॅकेजेस मिळतात. टोकनवर चालणारं अ‍ॅप असेल तर आरएफसी ८६९३ या टोकन-अदलाबदलीच्या मानकातला ‘अ‍ॅक्ट’ क्लेम (टोकनमधला एक रकाना) पाहा, खरा कर्ता कोण हे त्यात नोंदवता येतं.

परवानगी सर्व्हरवरच तपासा. आपल्या बरोबरीच्या किंवा वरच्या अधिकाराच्या खात्यात कुणालाही शिरता येता कामा नये; नाहीतर सपोर्टमधला नवा मुलगा दोन क्लिकमध्ये सुपर अ‍ॅडमिन होऊन बसतो.

पासवर्ड, ईमेल, टू-फॅक्टर, पैसे भरणं, खातं उडवणं हे सगळं बंद ठेवायचं, एवढं बहुतेकांना सुचतं. मी फसलो ते नुसतं ‘पाहण्यात’. एकाच्या इनबॉक्समधली तक्रार तपासायला मी त्याचे तीन मेसेज उघडले. ते ‘वाचले’ झाले, समोरच्याला निळी खूण गेली, आणि आमचा ग्राहक म्हणतोय, “अहो, मी तर लॉगिनच केलं नव्हतं!” तेव्हापासून वाचल्याची खूण, ‘शेवटचं लॉगिन’ आणि अ‍ॅनालिटिक्स, तिन्ही ठिकाणी मी आधी दुसरा आयडी आहे का ते बघतो. असला, तर काही लिहायचं नाही.

लॉगच्या प्रत्येक ओळीत दोन्ही आयडी आणि तिकीट नंबर (ग्राहकाच्या तक्रारीचा नंबर) जातो. तिकीट नंबर दिल्याशिवाय आमचं बटण उघडतच नाही. यावरून टीमनं कुरकुर केली, मी ऐकलं नाही.

प्रत्येक पानाच्या माथ्यावर लाल पट्टी ठेवा, त्यात ग्राहकाचं नाव आणि ‘बाहेर पडा’. तीस मिनिटांनी आपोआप बाहेर, आणि ही तीस मिनिटं शिरल्यापासून मोजायची, शेवटच्या क्लिकपासून नव्हे. बाहेर पडल्यावर अ‍ॅडमिनला होमपेजवर फेकू नका. त्याच ग्राहकाच्या पानावर आणून सोडा, तिकिटाचं उत्तर त्याला तिथूनच लिहायचं असतं.